आवाजांचा मुरांबा

मे महिना आला की आपण बायका काय काय साठवायला घेतो! पापड, कुरडया, सांडगे, वर्षाचं तिखट, आणि घरात लहान मुलं असली की बरणीभर मुरांबा. यंदा मी यातलं काहीसुद्धा केलं नाही. यंदा मी आवाज साठवले. हसू नका, खरंच सांगते. शेजारणी कुरडयांचा चीक शिजवत होत्या, तेव्हा मी पहाटे साडेचार वाजता मोरीत नळापुढे हातात फोन धरून उकिडवी बसले होते.

त्याचं असं झालं. माझं माहेर गिरगावातलं. ठाकूरद्वाराच्या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर तीन मजली चाळ, दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी. १९८४ साली लग्न होऊन आई त्या खोल्यांत आली. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, वरळी डेपोला. २०१९ साली बाबा गेले आणि आई एकटी राहू लागली. मी एकुलती एक, लग्न होऊन इकडे सांगलीला. 'आई, इकडे ये' म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, 'चौदा नंबरच्या काकूंना सोबत नाही.' चौदा नंबरच्या काकूंना दोन सुना आणि चार नातवंडं आहेत, पण ते असो.

या जानेवारीत तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं म्हणून तिला आम्ही आणली. डोळा बरा होतो न होतो तोच चाळीची नोटीस आली. मे अखेर खोल्या रिकाम्या करायच्या, चाळ पाडून तिथं टॉवर व्हायचा, तीन-साडेतीन वर्षांनी नवी जागा मिळायची, तोवर बिल्डर भाडं देणार. म्हणजे भाड्याच्या घराची सोय होती. पण आम्ही दोघांनी म्हटलं, कशाला भाड्याचं घर, इथंच राहा. आई एकदाच म्हणाली, 'जावयाच्या दारात इतके दिवस?' आमचे हे म्हणाले, 'दारात कशाला, घरात राहा.' विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

फेब्रुवारीत एकदा पहाटे पाणी प्यायला उठले तर आई दिवाणखान्यात अंधारात बसलेली. दिवा नाही, पंखा नाही. 'काय गं, झोप नाही आली?' तर म्हणाली, 'झाली झोप.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. डॉक्टर म्हणाले, वयानं झोप कमी होतेच. मी गरम दूध दिलं, जायफळ उगाळून दिलं, तळपायाला तूप चोळलं. दूध ती मुकाट्यानं प्यायची आणि साडेचारला उठून बसायची. शेवटी एकदा मी वैतागून विचारलं, तेव्हा म्हणाली, 'तुमच्याकडे काही ऐकूच येत नाही गं. पाणी आलं का गेलं, तेसुद्धा कळत नाही.'

ज्यांचं बालपण चाळीत गेलंय त्यांना हे लगेच समजेल. आमच्याकडे पहाटे साडेचारच्या सुमाराला पाणी यायचं, पण त्याच्या आधी नळ बोलायचा. आधी नुसती हवा, फुस्सऽऽ करून. मग दोन-चार ठसके, मग धार. त्या फुस्सला आई अंथरुणातून उठायची. गजराचं घड्याळ आमच्याकडे कधी लागलंच नाही. पाठोपाठ शेजारच्या बारा नंबरच्या पिंपात धार पडायला लागायची. पिंप रिकामं असलं की धो-धो असा घुमणारा आवाज, आणि भरत आलं की तोच आवाज बारीक, उंच होत जाणार. आई पाठमोरी भाकरी थापत असली तरी इकडून ओरडायची, 'बारा नंबर, पिंप भरलं होऽ!' आणि पिंप खरंच काठापर्यंत आलेलं असायचं.

मग आवाजांची रांगच लागे. वारा समुद्राकडचा असला की चर्नी रोडच्या लोकल अंगणात आल्यासारख्या वाजत. त्या जुन्या गाड्यांचा घरघराट वेगळाच होता. २०१२ साली पश्चिम रेल्वेवरची जुनी डी.सी. वीज जाऊन सगळीकडे ए.सी. झाली, हळूहळू गाड्याही बदलल्या. आताच्या गाड्या सुटताना कुणीतरी शीळ चढवत न्यावी तशा वाजतात. कुणाच्या तरी रेडिओवर आकाशवाणीची सुरुवातीची धून लागे. ती धून वॉल्टर कॉफमन नावाच्या, युरोपातून मुंबईत येऊन राहिलेल्या संगीतकारानं १९३६ साली बांधली, हे मला फार नंतर कळलं. लहानपणी वाटायचं ती आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचीच आहे, कारण रोज त्यांच्याच खोलीतून यायची.

जिना लाकडी. खालून पाचवी पायरी करकरायची. ज्याचं वजन तशी करकर, त्यामुळे कोण येतंय ते वरती बसून कळे. पाहुणा असला तर नक्कीच कळे, कारण चाळीतला माणूस ती पायरी काठाकडून चढायचा आणि पाहुणा मधोमध पाय द्यायचा. तळमजल्यावर टायपिंगचा क्लास होता. दहा-बारा यंत्रं एकदम सुरू झाली की पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटे, आणि ओळ संपली की टिंग. त्या टकटकीत मी सगळा अभ्यास केला. पुढे परीक्षेच्या शांत वर्गात मला काही आठवेना, त्याचं कारण हेच असावं असा माझा अजून संशय आहे.

दिवाळीच्या आधी गल्लीच्या तोंडाशी कल्हईवाला बसे. भात्याची धाप, मग तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला की फस्स करून पांढरा धूर, मग कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवणं, आणि शेवटी पातेलं पाण्यात बुडवलं की चर्रऽऽ. पिंजारी यायचा तो धनुकलीची तार छेडत. आईच्या आठवणीत याहून जुने आवाज आहेत. ती नवी नवरी होती तेव्हा आरेचं दूध काचेच्या बाटल्यांतून यायचं, आणि तारेच्या पाळण्यात त्या बाटल्या एकमेकींवर किणकिणत जिना चढायच्या.

आणि आमच्या घरचा खास आवाज म्हणजे बाबांचा. बसमध्ये कंडक्टर दोरी ओढून घंटी वाजवतो. एक घंटी थांबायला, दोन घंट्या निघायला. बाबा ड्यूटीवरून आले की दार उघडं असलं तरी बाहेरची कडी दोनदा वाजवायचे. डबल बेल. मी एकदा शहाणपणानं विचारलं, 'बाबा, डबल बेल म्हणजे गाडी सुटणार. तुम्ही तर आत्ता आलात.' तर म्हणाले, 'आता तुझ्या आईची गाडी सुटते ना, चहाची.' त्यांच्या हातातला तिकिटं टोचायचा चिमटा गेला, मशीन आलं, ते रिटायर झाले, तरी बाजारातून भाजी घेऊन आले तरी कडी दोनदाच वाजायची.

तर मी मनाशी ठरवलं, चाळ पडायच्या आत हे सगळे आवाज धरून आणायचे आणि आईला ऐकवायचे. म्हणजे तिला झोप लागेल. औषधांपेक्षा हे बरं, आणि पैसेही लागत नाहीत. मला वाटत होतं, असलं खूळ जगात माझ्याच डोक्यात आलं असेल. पण नाही. कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात आर. मरे शेफर नावाच्या संगीतकारानं पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी नेमकं हेच काम चार माणसं जमवून केलं. शहराचे आवाज टेपवर घेतले, १९७३ साली व्हँकुव्हरच्या आवाजांच्या रेकॉर्डी काढल्या, पुढे १९७७ साली त्यावर मोठं पुस्तक लिहिलं. गावातली एखादी जुनी इमारत जशी आपण जपतो तसे काही आवाजही जपण्यासारखे असतात, असं त्याचं म्हणणं. २०२१ साली हा गृहस्थ वारला. त्यानं आमच्या पाचव्या पायरीसाठी काय म्हटलं असतं कोण जाणे.

शाळेला सुटी लागल्यावर मी आणि माझी सातवीतली लेक महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. आईला नेलं नाही. सामान काढताना बघवणार नाही तिला, असं मीच ठरवलं. (हे 'मीच ठरवलं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) खोली आवरायची, ट्रंका बांधायच्या, आणि मधल्या वेळात आवाज धरायचे, असा दोन दिवसांचा बेत.

पहिल्या पहाटे साडेचारला नळापुढे बसले. नळानं फुस्स केलं, आणि त्याच क्षणी माझा फोन वाजला, 'टुंग!' आमच्या यांचा सुप्रभात आणि गुलाबाचं फूल! एरवी कधी साडेसहाच्या आत उठत नाहीत. तेव्हा मैत्रिणींनो, तुम्हाला असलं काही करायचं असेल तर पहिली गोष्ट ही, की फोन विमानात ठेवतो तसा बंद करून घ्या, म्हणजे रेकॉर्डिंग चालतं पण निरोप येत नाहीत. दुसरी गोष्ट, फोन हातात धरू नका. बोटांची सळसळ नळापेक्षा मोठी येते. घडी घातलेल्या पंचावर ठेवावा. गॅलरीत वारा असेल तर फोनच्या खालच्या बारीक भोकांवर, म्हणजे माइकवर, पातळ सुती मोजा चढवावा. सुरुवातीला जागा, तारीख आणि वेळ आपल्या तोंडानं सांगावी, नाहीतर सहा महिन्यांनी नळ कोणता आणि पाऊस कोणता ते कळत नाही. मग निदान दोन मिनिटं तोंड बंद. हे शेवटचं आपल्याला सगळ्यात जड जातं. आणि कुणाचं बोलणं घ्यायचं असेल तर विचारून घ्या. न विचारता घेतलं तर ती चहाडी होते. विचारून घेतलं तर काय होतं, तेही सांगते. चौदा नंबरच्या काकू, ज्यांचा आवाज एरवी नाक्यापर्यंत जातो, त्या फोन पाहिल्याबरोबर पदर सारखा करून रेडिओवरच्या बाईंसारखं बोलायला लागल्या, 'नमस्कार. आम्ही या वास्तूमध्ये अनेक वर्षे वास्तव्यास आहोत.'

खरं सांगायचं तर आम्ही उशीरच केला होता. निम्म्या खोल्यांना कुलपं. टायपिंगचा क्लास कधीच बंद झालाय. पिंजारी नाही, कल्हईवाला नाही. दोरी ओढून घंटी वाजवणारी बस शोधायला गेले तर बेस्टच्या जुन्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्येच बंद झालेल्या. त्याऐवजी ऐकू येत होतं ते ड्रिलचं मशीन, पार्सल पोचवणाऱ्या मुलांच्या मोटारसायकली, आणि समोरच्या नव्या इमारतीच्या एअरकंडिशनरांचा एकसुरी घुंकार. रिकाम्या गॅलरीत आमचीच पावलं घुमत होती. तरी नळ मिळाला, लोकल मिळाली, कडीसुद्धा वाजवून घेतली. पाचव्या पायरीवर लेकीला दहा वेळा खाली-वर करायला लावलं. ती म्हणाली, 'आई, शाळेत तू आम्हाला जिन्यावर धावलं की ओरडतेस.' खरं आहे. मी तिच्याच शाळेत अर्धवेळ शिकवते.

घरी येऊन रात्री आईला पाटावर बसवलं आणि एकेक आवाज लावला. तिनं सगळं ऐकलं, भाजीवाल्याकडचं वांगं हातात धरून बघावं तसं. नळ ऐकून म्हणाली, 'खाली बादली ठेवली नव्हतीस? पाणी वाया घालवलंस की.' जिना ऐकून म्हणाली, 'ही पोर उगाच नाचतेय. चढणाऱ्या माणसाच्या हातात पिशवी असते, तो मधे दम खातो. असा नसतो जिना.' कडी ऐकून काहीच बोलली नाही. मग 'छान केलंस हो' म्हणून उठली आणि निवडायचे तांदूळ घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला अंधारात बसलेलीच. तेव्हा मुरांबा काही जमला नाही. पाक कच्चा राहिला म्हणा.

आता ट्रंकेतल्या टेपरेकॉर्डरकडे येते. माळ्यावर आमचा जुना टू-इन-वन आणि तीसेक कॅसेटी होत्या. हे म्हणाले, भंगारात घाल. मी तो गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. वर्षानुवर्षं न वापरलेल्या मशीनमधला रबरी पट्टा गुळासारखा चिकट होतो. तो बदलला, हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं आणि मशीन बोलायला लागलं. ज्यांच्याकडे जुन्या कॅसेटी असतील त्यांनी आधी फितीवर पांढरी बुरशी आहे का ते बघावं. असेल तर ती मशीनमध्ये घालूच नये, हेडही खराब होतं आणि पुढच्या कॅसेटीही. नसेल तर लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. आणि कॅसेटच्या मागच्या कडेला दोन कोपऱ्यांत बारीक प्लॅस्टिकच्या चकत्या असतात, त्या मोडून टाकाव्यात. मग कुणी चुकून लाल बटण दाबलं तरी पुसली जात नाही. हे मी आधी केलं, कारण आमच्या घरी लाल बटण दिसलं की दाबणारे एक आहेत.

बहुतेक कॅसेटी अभंगांच्या आणि भावगीतांच्या. एकीवर माझ्या हस्ताक्षरात 'भाषण, इ. ४ थी'. म्हणजे १९९७ सालचा जुलै. एक ऑगस्टला टिळक पुण्यतिथीची वक्तृत्व स्पर्धा असायची, त्याची तयारी मी टेप करून ऐकायची. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही चौघांनी ती लावली.

माझं भाषण म्हणजे शेंगांच्या टरफलांपासून मंडालेपर्यंत एका श्वासात. पण भाषण ऐकतंय कोण! त्याच्यामागे धो-धो पाऊस, पत्र्याच्या पागोळ्या, खाली टायपिंगची टकटक. आणि आई! काय तो आवाज! पातेलं आपटल्याचा, बांगड्यांचा, फोडणीचा. 'हात हलवू नकोस, पडशील!' मग गॅलरीत जाऊन, 'चौदा नंबऽर, वाटीभर साखर द्याऽ हो!' तिकडून काहीतरी उत्तर, आणि आई जी हसलीय, जी हसलीय, की भाषणातली मीसुद्धा थांबले. मग कुकरची शिट्टी. मग परत मी 'अध्यक्ष महाशय' पासून सुरू. आणि मग कडी. ठक ठक.

आईचा आवाज, 'आले गं तुझे बाबा.' बाबा म्हणाले, 'चला, पुढे चला, पुढे चला, दारात गर्दी करू नका,' आणि खट्ट. पुढे काही नाही. बाबा आले म्हणून मीच बटण दाबलं होतं. नऊ वर्षांची होते. नंतर मी घड्याळ लावून बघितलं. बाबा त्या कॅसेटीत सहा सेकंद आहेत.

आई रडेल म्हणून मी तिच्याकडे बघत नव्हते. ती मात्र हिशेब करत होती. 'टायपिंग चालू आहे, म्हणजे सातच्या आत. आणि कुकर लावलाय, म्हणजे साडेसहा झालेत. त्यांची पहिली पाळी असणार, पण दुपारी यायचे ते इतक्या उशिरा आले, म्हणजे पावसानं गाड्या अडकल्या असतील. भिजून आले असणार बघ. पायात ते रबरी बूट होते, वाजले ऐकलेस?' मी परत लावून ऐकलं. खरंच, कडीच्या आधी बुटांची पचपच आहे.

इतक्यात माझी लेक म्हणाली, 'आजी, ती ओरडत होती ती तू?'

'मग काय टिळक?'

'पण तू तर कधी ओरडत नाहीस. तुझा आवाजच येत नाही.'

बाई, त्या पोरीनं सहज म्हटलं, पण माझ्या पोटात खड्डा पडला. त्यानंतर दोन दिवस मी कान देऊन राहिले. आई स्वयंपाकघरात गेली की ओट्यावर आधी फडकं पसरते, मग त्यावर भांडं ठेवते. पहाटे चूळ भरताना नळाची धार करंगळीएवढी. बांगड्या कोपरापर्यंत सारून घट्ट बसवलेल्या. खोकला आला की तोंडात पदराचा बोळा. मिक्सर सकाळी लावायचाच नाही. खोबरं रात्री माझ्याकडून वाटून घेऊन फ्रीजमध्ये. स्लीपर बाहेरच काढून अनवाणी चालते, आणि मी आजवर समजत होते की तिला फरशीचा गारवा आवडतो. वयानं माणूस शांत होतो म्हणे. मी शंभर लोकांना सांगितलं असेल, 'आमची आई फार शांत झालीय हल्ली.' गिरगावातल्या नळाचं फुस्स टिपायला मी रात्रभर प्रवास करून गेले, आणि घरातलं माणूस पाच महिने पाय न वाजवता चालत होतं, ते मला ऐकू आलं नाही!

मी तिला विचारलं. आधी कबूल होईना. मग म्हणाली, 'त्यांची झोपमोड कशाला?' 'अगं, त्यांनी कधी काही म्हटलंय का?' 'म्हणायला कशाला हवं? तिथं माझं घर होतं, तिथं मी ओरडत होते. इथं कोणावर ओरडू?' हे तिनं रागानं म्हटलं नाही. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हटलं. मला उत्तर सुचलं नाही. तुमचं घर, आमचं घर, असं काही बोलायला गेले असते तर ते चौदा नंबरच्या काकूंच्या 'वास्तव्यास आहोत' सारखं झालं असतं.

हे रात्री ऐकून म्हणाले, 'तू त्यांना काही करू कुठं देतेस? पाहुण्यासारखं बसवून ठेवलंयस.' मला राग आला. मी तर तिला विश्रांती देत होते. जन्मभर राबली, आता बसून खाऊ दे, असं माझं चाललेलं. भाजी मीच ठरवायची, डबे मीच करायचे, तिला फक्त निवडण-टिपण. सामान काढायलासुद्धा नेलं नाही. पण राग ओसरल्यावर वाटलं, या माणसाला फार थोड्या वेळा बरोबर बोलता येतं, त्यातली ही एक वेळ.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मला सातला घर सोडावं लागतं. मी आईला म्हटलं, 'सकाळचे तीन डबे आजपासून तू बघ, मला जमत नाही.' जमत नाही हे खोटं होतं, पण आईला खोटं वाटलं नाही, कारण माझ्या पोळ्यांबद्दल तिचं मत पहिल्यापासून तसंच आहे. पहिला आठवडा काही बदललं नाही. तीच फडक्यावरची भांडी. झोपही तशीच, चार नाहीतर साडेचार. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, 'तुझा मिक्सर लसणीचं पाणी करतो. माझा खलबत्ता कुठाय?' तो अजून ट्रंकेतच होता. लोखंडी, तिच्या आईचा. काढून दिला. ती काही बोलली नाही, घासून पुसून ओट्याखाली ठेवून दिला.

मधे सांगायचं राहिलं. माझ्या रेकॉर्डिंगच्या नादात यांनी आपल्या फोनवर आवाज मोजायचं यंत्र घेतलंय आणि येता-जाता आम्हाला आकडे ऐकवत असतात. सन २००० च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबल, रात्री पंचेचाळीस, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, हे आता आमच्या कुकरलासुद्धा पाठ झालंय.

तर परवा गुरुवारी पहाटे मी दचकून जागी झाले. अंधारच होता, पाऊस पडत होता. स्वयंपाकघरातून ठण् ठण् ठण् असा घाव चाललेला, फरशीतून पलंगाच्या पायांपर्यंत येत होता. मध्येच थांबे, मग परत ठण् ठण्. आणि त्यावर आईचा आवाज, लेकीच्या नावानं, 'उठ गं, साडेपाच वाजले, केस विंचरायचेत!'

हे उठून बसले, उशाखालचा फोन चाचपडत म्हणाले, 'अगं, अजून सहा वाजले नाहीत. कायद्यानं रात्र आहे. हे सत्तरच्या वर असणार.'

मी म्हटलं, 'झोपा गुपचूप. आणि त्या फोनला हात लावू नका.'